भावकूमामांचं गेमिंग मशीन

उचगावच्या भावकूमामांना एकटेपण सोसत नाही, आणि सोसत नाही असं म्हणायची त्यांना लाजही वाटते. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून ते लेथवरचे टर्नर म्हणून रिटायर झाले. मामी त्याच्या आधीच गेल्या होत्या. एकुलता एक रविराज बेंगळूरला. मग मामा सकाळचं जेवण उरकून सिटी बसनं बेळगावात येतात, कुणाचं तरी काहीतरी दुरुस्त करतात आणि परत जातात. माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याचं शटर त्यांनी न सांगता ग्रीस लावून गुळगुळीत करून ठेवलंय. थांबायला निमित्त हवं म्हणून बसची वाट बघतोय म्हणतात, आणि उचगावची बस समोरून गेली तरी उठत नाहीत. मला दिसतं. मी स्टूल पुढं सरकवते.

गेल्या वर्षी जत्रेच्या आधी मात्र ते खरोखरच काम घेऊन आले.

"तेजस्वी, गेम खेळायच्या कॉम्प्युटरला कोर किती लागतात गं?"

मी चाटच पडले. तोवर मामांचा आणि कॉम्प्युटरचा संबंध माझ्या दुकानातल्या स्टुलापुरता होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं. रविराजचं ऑफिसचं काम घरूनच चालतं. मामा त्याला फोनवर म्हणाले होते, घरातनंच काम करायचं तर आपल्या घरातनं कर की. त्यावर हा म्हणाला, "कामाचं काय न्हाय आप्पा, पण माझं गेमिंगचं मशीन हिकडं हाय. तिथं येऊन मी संध्याकाळी करू काय?"

रविराज शाळेत माझ्या वर्गात होता. त्याच्या सबबी मला पहिलीपासून पाठ आहेत. पण मामांनी जन्मभर एकच गोष्ट पाहिलेली: मशीन नाही म्हणून काम अडलं, तर मशीन आणायचं, काम सुरू होतं. मशीन आलं की पोरगं येणार आणि राहणार, इतकं सरळ होतं ते. ह्यावर त्यांनी सगळी आशा लावली होती.

कोर म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमधले काम करणारे हात; त्यांचा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतंच. सोळा पाहिजेत, चोवीस पाहिजेत म्हणून पोरं काउंटरवर हट्ट धरतात आणि खेळणार काय विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात.

"सहा पुरेत, मामा," मी म्हटलं. "आठ घेतले तर चैन. गेम नुसता खेळायचा तर त्याच्या वर जाऊन फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्ड चांगलं घ्यावं."

"जास्त घातले तर पळणार न्हाय व्हय जास्त?"

"एका लेथवर, एकाच जॉबला चार टर्नर उभे केले तर?"

"एक काम करणार, तिघं गप्पा मारणार."

"तसंच आहे. गेमचं बरंचसं काम एकापाठोपाठ एक व्हायचं असतं. वाटून देता येतं, पण थोडंच."

मामांना ते लगेच पटलं. समाधानानं मान हलवून म्हणाले, "बराबर. मी बी सहाच धरल्यात."

"तुम्ही? कसे काय?"

"रविराज एक. फोन केला की मागनं त्याच्या दोस्तांची गलबल ऐकू येती, ती चौघं. झाले पाच."

"आणि सहावा?"

मामा रस्त्याकडं बघत म्हणाले, "घरातलं माणूस धरायचं न्हाय व्हय?"

जितकी माणसं तितकी मशीनं, हा वर्कशॉपचा हिशेब. त्या हिशेबानं त्यांनी स्वतःसाठीही एक कोर ठेवला होता. दुसरं कुणी असतं तर मी मनसोक्त हसले असते. मी त्यांना समजावलं, की ते चौघं आपापल्या घरी आपापल्या मशीनवर खेळतात, आणि कोर म्हणजे काही बसायची जागा नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं. "आसू दे," म्हणाले, "सहाच घाल."

मशीन जोडून झालं. मामांनी घरात नेट घेतलं, टेबलाचा लोखंडी सांगाडा स्वतः वेल्डिंग करून आणला, आणि टेबलापुढे दोन खुर्च्या मांडल्या.

जत्रेला रविराज आला. मला जेवायला बोलावणं होतं, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. बाहेरच्या खोलीत पै-पाहुण्यांची पंगत बसलेली, मटणाच्या रश्श्याचा वास गल्लीभर, आणि हा आत कानाला हेडफोन लावून. मशीन त्याला मनापासून आवडलं होतं, खोटं कशाला सांगू? "लई भारी केलंसा आप्पा," असं तो चार वेळा म्हणाला. मामा दुसऱ्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"ह्यातला तू कुठला रं?" त्यांनी स्क्रीनकडं बोट करून विचारलं.

रविराजनं एका कानावरचा हेडफोन उचलला. "आप्पा, जरा थांबा. आत्ता नगं."

मामा थांबले. बाहेरून कुणी विचारलं, रविराज कुठाय, तर स्वतः उठून बाहेर गेले आणि ऐटीत म्हणाले, "आत हाय. काम चाललंय त्याचं." येऊन पुन्हा बसले. मला रविराजचा असा संताप आला की ताटातला घास कडू झाला. पण जत्रेच्या दिवशी दुसऱ्याच्या घरी काय बोलणार?

पाहुणे पांगले आणि त्यानंही बॅग भरली. जाताना म्हणाला, "आप्पा, हे मशीन माझ्या मशीनपेक्षा भारी हाय. हितं धूळ खात पडणार. नेऊ काय?"

मामा म्हणाले, "ने की. तुझंच हाय."

एवढंच. बसमध्ये धक्के बसू नयेत म्हणून मामींच्या जुन्या लुगड्यांची वाकळ मशीनभोवती गुंडाळली, सुतळीनं आवळली आणि स्टँडवर नेऊन स्वतःच्या हातांनी बसमध्ये ठेवलं. स्क्रीन तेवढी राहिली, कारण रविराजची स्वतःची तिकडं होती.

हे सगळं त्यांनी मला पुढच्या आठवड्यात स्टुलावर बसून सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. उचगावची एक बस गेली. तीही त्यांनी जाऊ दिली.

"घर खायला उठतंय गं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि लगेच, जणू ते बोललेच नाहीत अशा घाईनं, "एक इच्यारतो. खेळायचं न्हाय, नुसतं त्यो खेळतोय ते बघायचं, तर किती कोर लागतात? स्क्रीन हाय माझ्याकडं."

"दोन पुष्कळ झाले, मामा. दुकानात जुनं मशीन पडलंय, ते न्या. पण त्यानं तिकडून नेटवर दाखवायला पाहिजे. त्याला सांगा तसं."

"तूच सांग. मी सांगितलं तर म्हणंल, म्हातारा पाळत ठेवतोय."

त्यांच्यासमोरच फोन लावला. रविराज हसला. "अगं, आप्पांना काय कळतंय त्यातलं?" मी त्याला आमच्या शाळेच्या भाषेत चार शब्द सुनावले. मग म्हणाला, "बरं, बघू."

"काय म्हणला?" मामांनी विचारलं.

"बघू म्हणाला."

"म्हंजे व्हय म्हणला." ते उठले, जुनं मशीन दोन्ही हातांनी उचलून त्याचं वजन अजमावलं, आणि दारापर्यंत जाऊन थांबले.

"तेजस्वी, ह्यात आवाज बी येतोय न्हवं त्याचा?"

"येतो, मामा."

"मग चित्र न्हाय आलं तरी चालंल," ते म्हणाले आणि बसच्या मागं धावत सुटले.