इटलीत खाल्लेली साखर

परदेश कसा होता असं कुणी विचारलं की येळ्ळूरचा केदारी सांगायचा, चढणीचा. पलटणीची खेचरं हाकत तो निम्मी इटली चढला होता, तेव्हा हे मत ऐकीव नव्हतं.

१९४५ च्या वसंतात लढाई जरा दम खात होती. एका रविवारी त्याला, शहापूरच्या गुंडूला आणि निपाणीच्या भरमूला सुट्टी मिळाली. गुंडू विणकराचा, भरमूचं घर तंबाखूच्या वखारीत राबणारं. तिघांची दोस्ती बोटीवर उलट्या करताना जमलेली, म्हणजे पक्की. चपात्या आणि कांदा बांधून ते डोंगराकडे फिरायला निघाले. झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती, पण पान एकही नव्हतं. केदारीला ते काही तब्येतीचं लक्षण वाटेना.

वाटेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हाक मारली. भाषा कळली नाही, हाक कळली. त्यानं तिघांना अंगणात बसवलं आणि लाल दारू पुढं केली. केदारीनं हात जोडले, गुंडूनं पेला उचलला. ओतताना थोडी केदारीच्या सदऱ्यावर सांडली, तशी म्हाताऱ्यानं घरातून कोरा टॉवेल आणून त्याच्या खांद्यावर टाकला. मग डोक्याला रुमाल बांधलेली त्याची मुलगी ताटली घेऊन आली. ताटलीत साखरेत घोळवलेले बदाम. म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं ते केदारीच्या तळहातावर ठेवले. केदारीनं खाल्ले.

उतरणीला लागल्यावर गुंडू म्हणाला, "केदारी, तुझं जमलं की रं."

केदारी जागीच थांबला. येळ्ळुरात मुलीच्या बापानं चार माणसांत खांद्यावर टॉवेल टाकला, हातावर साखर ठेवली आणि पोरानं ती खाल्ली, की सोयरीक झाली. मग मोडणारा माणसातून उठला. अनगोळच्या मालुबाईशी त्याचं नुसतं बोलणं झालं होतं; साखर तो परत आल्यावर खायची होती. आणि इथं तो खाऊन बसला होता.

भरमूनं निवाडा दिला की पोरगी गोऱ्यांची असली तरी साखर ती साखरच. गुंडूचं म्हणणं, आपण पेला घेतलेला, आपली साक्ष धरू नये.

आठवडाभर केदारी एका खेचराला दोनदा चंदी घाली आणि दुसऱ्याला उपाशी ठेवी. सोयरीक मोडायची तर गावात एकच रीत होती: टॉवेल आणि साखर मुलीच्या दारात नेऊन परत द्यायची. तिघांनी बिनसाखरेचा चहा पिऊन पुडी जमवली आणि पुढच्या रविवारी पुन्हा डोंगर चढले.

लढाईनं त्या मुलखातली साखर कधीच संपवली होती; बदामांवर होती तेवढीच घरात जपून ठेवलेली. पुडी उघडताच म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं केदारीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, टॉवेल पुन्हा त्याच्याच खांद्यावर टाकला आणि मुलीकडून आणखी बदाम मागवले. ती आली ती एका कुबडीवाल्या तरण्या पोराचा हात धरून.

"आता रं?" केदारीनं हळूच विचारलं.

"आता दुप्पट पक्की," भरमू म्हणाला. "त्यो भाऊ असंल."

"भावाचा हात असा कोण धरतंय?" गुंडू म्हणाला. केदारीला दोन्ही पटलं.

पुढल्या साली तो घरी आला. अनगोळात मालुबाईच्या बापानं साखरेचं ताट पुढं सरकवलं, पण केदारीचा हात उठेना. त्यानं सगळं सांगून टाकलं.  म्हाताऱ्या मंडळींतल्या एकानं त्या मुलीचं कूळ विचारलं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मालुबाईचा बाप ताट मागं घ्यावं की ठेवावं अशा पेचात बसून राहिला.

मग आतल्या दारातून मालुबाईचाच आवाज आला. "तिनं तुमचं नाव इचारलंतं का?"

केदारीनं आठवून पाहिलं. "न्हाय."

"नाव न इचारता कुणी नवरा करतंय व्हय? खावा ती साखर."

केदारीनं खाल्ली. मंडळींनी सुटल्यासारखी विड्याची पानं जुळवली. येळ्ळूरच्या वाटेला लागल्यावर मात्र त्याच्या ध्यानात आलं, की मालुबाईनंही त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. तो बराच वेळ बांधावर उभा राहिला.