शिंगल माल

आमच्या मामाने जन्मात विलायती दारूचे दोन घोट घेतले आणि त्या दोन घोटांवर पुढची तीसेक वर्षं काढली. इतका काटकसरी पिणारा मी दुसरा पाहिला नाही.

घोट घेतले ते लढाईच्या काळात, ब्रह्मदेशात पलटणीत असताना. मामाचा साहेब स्कॉटलंडकडचा, तिथल्याही कुठल्याशा बेटावरचा. त्याला एकदा घरून पार्सल आलं. पाऊस लागलेला, मामा थंडीने कुडकुडत उभा. साहेबाने पार्सलातली बाटली फोडली आणि मामाच्या एनॅमलच्या मगात आपल्या हाताने थोडी ओतली. हा आमच्या गावचा माल, असं म्हणून त्याने तिची जात सांगितली. मामाच्या कानात ती शिरली ‘शिंगल माल’ म्हणून. शेवटचा ‘ट’ बहुतेक ब्रह्मदेशातच राहिला.

गोष्ट सांगताना मामा डोळे मिटायचा, हातात नसलेला मग नाकाशी न्यायचा आणि सगळी ओसरी श्वास रोखून बसायची. “आधी धूर,” मामा म्हणायचा. “वल्लं लाकूड चुलीत घातल्यावर येतो ना, तसा. मंग दवाखाना. जखमेला टिंचर लावल्यावर येतो तो वास. अन् सगळ्यात शेवटी मीठ.” मग डोळे उघडून तो आमच्याकडे असा बघायचा, की दारूच्या नावाने मळमळणाऱ्या माणसालाही आपण काहीतरी चुकवलं असं वाटावं.

छप्पन साली मामाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा अक्षरशः पाळली. आमच्या सगळ्याच घराने पाळली. त्यामुळे आमच्या हसनाबाद गावात मामाची गोष्ट तपासून बघणारा कोणी नव्हता. मामा सुखात होता.

हे सुख मोडलं व्याह्याने. मामाने थोरली लेक परतूरला दिली. तिचा सासरा रेल्वेत होता. परतूर स्टेशनात सांधे बदलायचे आणि सिग्नल पाडायचे हे त्याचं काम. लग्नानंतरच्या जेवणाला मामाने नव्या पाहुण्यांसमोर आपली खास गोष्ट काढली. डोळे मिटले, हवेतला मग उचलला, धूर झाला, दवाखाना झाला. मिठापर्यंत पोचायच्या आत व्याही बोलला.

“इवाई, शिंगल आमच्याकडं बी हाय. पण ते बघायचं असतंय, प्यायचं न्हाई.”

पंगत हसली. व्याह्याला चेव आला. धुराचा वास मारणारी दारू इंग्रज पैसे देऊन पितो, तर मग आमचं इंजिन का चाटत नाही तो, असं त्याने विचारलं. या वेळी मामीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मामाला लागलं ते तिचं हसणं.

मामाने ताट बाजूला सारलं. लेकीच्या पहिल्या लेकराचं नाव ठेवू त्या दिवशी ती दारू तुमच्या नाकाखाली धरतो, म्हणाला. नाही धरली तर पलटणीची एकही गोष्ट पुन्हा तोंडातून काढणार नाही. आणि धरली, तर व्याह्याने चारचौघांत ‘इवाई खरं बोलले’ असं म्हणायचं. व्याह्याने हसत हसत कबूल केलं. मामा हसत नव्हता. मामाच्या गोष्टी बंद म्हणजे मामाच बंद, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. त्याचा गुडघा अधू होता, शेत पोरं बघत होती. दिवसभर त्याच्याकडे करायला तेवढंच एक काम उरलं होतं.

दारू शोधायची कामगिरी माझ्यावर आली. मी तेव्हा परतूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो.

“तू इंग्रजीचा मास्तर,” मामा म्हणाला. “इंग्रजी दारू तुला न कळायला काय झालं?”

मी शाळेच्या शब्दकोशापासून सुरुवात केली. त्यात ‘सिंगल’ होतं, त्याचा अर्थ एकटा. ‘माल्ट’ होतं, त्याचा अर्थ मोड आणून भाजलेलं सातू. दोन्ही जोडून एकटं मोड आलेलं सातू झालं आणि मी होतो त्याहून मागे गेलो. हेडमास्तरांना आडून विचारलं, तर ते म्हणाले, माल्ट हे अशक्त मुलांचं टॉनिक, औषधाच्या दुकानात मिळतं, सकाळ-संध्याकाळ एक चमचा द्यावं. कोणाला अशक्तपणा आहे? मामाला, असं मी सांगून टाकलं.

मामीला मोडाचं सांगितलं, तेव्हा ती मटकी निवडत होती. “आम्ही मटकीला मोड आणतो तर उसळ व्हती,” ती म्हणाली. “ह्यांनी आणले तर लढाईत प्यायला व्हतं.” पण शब्दकोशात ‘भाजलेलं’ असं आहे हे कळल्यावर मामाने मला ते पुन्हा वाचायला लावलं. भाजलेलं म्हणजे जाळ आला. जाळ आला म्हणजे धूर आला. मामाच्या मते अर्धी लढाई आम्ही तिथेच जिंकली.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी जालन्याला गेलो. परवान्याच्या दारूचं दुकान बाजारात एका कोपऱ्यात होतं. आत शिरण्याआधी मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतक्या वेळा बघितलं, की जे बघत नव्हते तेही बघायला लागले. दुकानदाराने परमिट मागितलं. मी सांगितलं, प्यायची नाही, फक्त वास घ्यायचा आहे.

“वासाचं परमिट न्हाई निघत,” तो म्हणाला.

माणूस मात्र चांगला. बाहेरूनच बघा म्हणाला आणि त्याने बाटल्या दाखवल्या. एकीवर घागरा घातलेला दाढीवाला पुरुष होता. हाच स्कॉटलंडचा पोशाख, असं दुकानदार म्हणाला. मामाने साहेबाच्या घागऱ्याचा उल्लेख कधीच केला नव्हता, त्यामुळे माझा गोंधळ वाढला. बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं, मिसळलेली. मी विचारलं, न मिसळलेली आहे का? त्याने दुखावल्या आवाजात सांगितलं, की त्याच्या दुकानात पाणी मिसळत नाहीत.

तिथून मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेलो. मामाची बाजरी आणि तूर वर्षानुवर्षं ज्या भुसार अडत्याकडे जायची, त्याचं घर दुनियेशी जोडलेलं होतं. मी ‘सिंगल माल्ट’ म्हणालो आणि त्याचा चेहरा उजळला.

“सिंगल माल म्हंजे एका शेतातला, मिसळ न्हाई तो. किती पोते पाहिजे?”

तो धान्याचं बोलत होता आणि मी दारूचं, हे लक्षात यायला आम्हाला अख्खा चहा लागला. पण उलगडा झाला तेव्हा त्याने मांडीवर थाप मारली. त्याचा जावई मालवाहू बोटीवर होता. तो कुठकुठल्या बंदरांवरून काय काय आणायचा. जावयाला चिठ्ठी गेली. मामाच्या लेकीचे दिवस भरत आले तेव्हा अडत्याचा निरोप आला, माल उतरला आहे, येऊन निवड.

निवड! मला वाटलं होतं एक बाटली असेल, उचलून आणायची. अडत्याच्या गादीवर दोन बाटल्या होत्या. एक त्याची, एक माझी. दोन्हींवर ‘सिंगल माल्ट’ असंच छापलेलं. दोन्हींवर वर्षं होती. अडत्या म्हणाला, इतकी जुनी असते. मी म्हणालो, म्हणजे शिळी? तो म्हणाला, तांदूळ जुना लागतो की नाही? बरोबर होतं. पण दोन जुन्यांतली मामाची कोणती?

एक गडद होती, काकवीसारखी. दुसरी फिकी, कडब्याच्या रंगाची. मामाने रंग कधी सांगितलाच नव्हता. एनॅमलच्या मगात त्याला रंग दिसलाच नसणार. सील फोडायचं नाही अशी अट होती, कारण ते व्याह्यासमोर फुटायचं होतं. अडत्याने दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या, मूठभर तूर बघावी तशा हलवून पाहिल्या आणि गडद हा पक्का माल, असा निकाल दिला. मीही डोकं चालवलं. धूर काळा असतो. ज्यात धूर जास्त, ती काळी. इतकं स्वच्छ तर्कशास्त्र मी पुन्हा कधी वापरलं नाही. मी गडद उचलली, पंच्यात गुंडाळली, आणि एसटीत सगळा वेळ मांडीवर बाळासारखी धरून हसनाबादला आलो.

खरं बाळ आठवड्याभरात आलं. नामकरणाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, जेवणं उठली. बाटली घरात येणार नाही, असं मामाने आधीच बजावलं होतं. म्हणून सगळी पुरुषमंडळी गोठ्यात जमली. घोटभर पिणारा एकही नव्हता. वीस-पंचवीस न पिणारी माणसं आणि दोन म्हशी एका बाटलीकडे टक लावून उभी होती.

मामाने सील फोडलं. एनॅमलचा मग पुढे केला, कारण वास त्यातूनच घ्यायचा असं त्याचं म्हणणं होतं. मी ओतली. पहिला मान व्याह्याचा. त्याने मगात नाक घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. त्याच्या चेहऱ्यावर माझ्यासारखाच गोंधळ दिसला. मला उगाच धीर आला.

“हाय,” तो म्हणाला. “धूर हाय असं वाटून राह्यलंय.”

मागे चुलवणावर पाणी तापत होतं, त्याचा धूर सगळ्या गोठ्यात भरला होता. पण ते मी कशाला बोलू? व्याही हरत होता. तो खाकरला, चारचौघांकडे वळला, आणि ठरलेले शब्द बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामाने मग त्याच्या हातातून घेतला. डोळे मिटले. या वेळी मग खरा होता. मामाने तो नाकाशी धरला.

“ही ती न्हाई,” मामा म्हणाला.



“ही गोड हाय. मनुकं भिजवल्यावानी वास हाय. ही ती न्हाई, इवाई. मी हरलो.”

दारात उभ्या मामीने सगळं ऐकलं होतं. “ताकाला देतो तसा निखाऱ्याचा धुंगार देऊ का हिला?” तिने विचारलं. एरवी मामाने यावर तिला उलटं सुनावलं असतं. त्याने फक्त मग जमिनीवर रिता केला आणि बाहेर जाऊन बसला. व्याहीसुद्धा हसला नाही. जाताना तो मला म्हणाला, “मास्तर, तुमचा मामा इचित्र माणूस हाय. हरू दिलं न्हाई मला, जिंकला बी न्हाई.”

बाटलीत उरलेल्या दारूने मामी गोठ्यातच मामाचा गुडघा चोळायची. आणि मामा खरंच बंद झाला. गावातली माणसं सवयीने ओसरीवर येऊन बसायची. कोणी मुद्दाम ब्रह्मदेशाचा विषय काढला, तर मामा पाऊसपाण्याचं बोलायचा. मग माणसं कमी झाली. मी सुटीत जायचो तेव्हा तो पुसलेल्या पाटीसारखा बसलेला दिसायचा. शब्द म्हणजे शब्द, दारूचा पाळला तसा हाही पाळत होता.

तुरीच्या दिवसांत मी पोत्यांबरोबर मोंढ्यात गेलो. अडत्याने मला बघताच जावयाच्या नावाने खडे फोडले. मामाची बाटली चांगली निघाली असेल, म्हणाला, पण त्याच्या वाटची पार नासलेली होती. दिवाळीला पाहुण्यांपुढे फोडली तर जळक्या लाकडाचा वास. एका पाहुण्याने तर घोट तोंडात धरून विचारलं, यात टिंचर पडलंय का? सगळी मोरीत ओतली.

मी त्या माणसाला मिठीच मारली. गादीवरचे हमाल बघत राहिले. बाटली कुठे आहे, मी विचारलं. रिकामी बाटली देखणी म्हणून त्याच्या बायकोने बूच लावून फळीवर ठेवली होती.

परतूरला उतरलो तो थेट व्याह्याकडे गेलो. तो ड्युटीवर होता, हातात झेंडी. मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. “तुम्ही भाचे. तुमची साक्ष चालत न्हाई,” म्हणाला. “मी जाऊन येतो.”

सुटीच्या दिवशी तो स्वतः जालन्याला गेला, हे मला मागून कळलं. त्या दिवशी मी हसनाबादलाच होतो. दुपारी एसटी आली आणि व्याही रेल्वेची पिशवी घेऊन ओसरीच्या पायऱ्या चढला. रामराम नाही, पाणी नाही. त्याने पिशवीतून ती रिकामी बाटली काढली, बूच उपसलं आणि मामाच्या नाकाखाली धरली. बाटली घरात आली म्हणून मामी ओरडायला आली होती, ती तशीच थांबली.

मामाने डोळे मिटले. त्याने हळूच होकारार्थी मान हलवली.

शेजारपाजारची माणसं ओट्यापाशी जमली होती. व्याही त्यांच्याकडे वळला. गाडी येताना स्टेशनात ओरडतो तेवढ्याच मोठ्या आवाजात तो म्हणाला, “इवाई खरं बोलले.” मग बाटलीला बूच लावून मामाशेजारी पथारीवर बसला.

“शिंगल पडला, इवाई,” तो म्हणाला. “आता सोडा गाडी.”

मामाने मामीकडे बघितलं. मामी आत जाऊन फळीवरचा एनॅमलचा मग घेऊन आली. त्यात चहासुद्धा नव्हता. मामाने तो दोन्ही हातांनी धरला.

“पाऊस लागल्ता,” मामा म्हणाला, आणि माणसं सरकून जवळ बसली.