एक नाशिक द्या

घोटीहून नाशिकला येणाऱ्या सकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसायची. मांडीवर डबा, एका कानात इअरफोन, आणि मोबाइलमधली बाई कोरियनमध्ये जे बोलेल ते ही मोठ्याने म्हणायची. लोक वळून बघायचे. ही तेच वाक्य पुन्हा म्हणायची, आणखी मोठ्याने.

मी तिच्या मागच्या सीटवर. मी दोन वर्षं कॉलेज रोडला कोरियनचा क्लास केलाय, चार रंगांच्या पेनांनी तीन वह्या भरल्यात. हिने गणपतीनंतर सुरुवात केली, तीही मोबाइलवर, फुकटात. तिचे कच्चे उच्चार मी मनातल्या मनात दुरुस्त करायचे. तेवढंच बरं वाटायचं.

कंडक्टर आला की ती मान झुकवून "अन्न्योंगहासेयो" म्हणायची. आधी तो नुसता हसायचा. दिवाळीनंतर तोही मान झुकवून तेच म्हणायला लागला, आणि माझा जळफळाट झाला. माझ्याशी क्लासबाहेर कधी कुणी कोरियन बोललं नव्हतं.

एकदा न राहवून मी तिला म्हटलं, "तुझं चुकतंय."

"चुकू द्या की ताई. या गाडीत कोरियाचं कोण बसलंय ऐकायला?" मग तिचे डोळे चमकले. "म्हंजे तुम्हाला येतं? बोला ना मग."

मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

परवा ती आली नाही. कंडक्टरने तिची रिकामी जागा पाहिली आणि सवयीने माझ्यापुढे मान झुकवली. "अन्न्योंगहासेयो."

उत्तर मला येत होतं, अगदी शुद्ध.

"एक नाशिक द्या," मी म्हणाले.