पायऱ्यांची विहीर

कुंभारीच्या शिवारातली आमची जमीन बघायला पाहुणे आले की सासरे त्यांना आधी माळावर नेत. तिथून सगळं दिसे: खालचं काळं रान, ओढ्याकाठच्या बाभळी, बांधावरचे कडुलिंब आणि मधोमध दगडी पायऱ्यांची विहीर. पाहुणे वाहवा करत. दुरून डोंगर साजरे. त्या विहिरीत रोज उतरत होते मी, मला विचारा.

शेवाळाने बुळबुळीत झालेल्या पायऱ्या, त्यांवर शेणाचे पाय, कोपऱ्यात फुगून तरंगणारा बेडूक. गडी तिथंच पाय धुवत, चूळ टाकत आणि त्याच पाण्याला ओंजळ लावत. घागर बुडवताना मी नाकाला पदर लावी. त्यात नारू. उन्हाळा आला की कुणाच्या तरी पायावर फोड फुटे आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकावे. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढत. आग शमावी म्हणून ती माणसं विहिरीतच पाय सोडून बसत.

नारूवाल्याने पाण्यात पाय सोडला की किड्याची पिल्लं त्यात उतरतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातात, हे मी माहेरी सोलापुरात दवाखान्यात ऐकलं होतं. घरात सांगितलं, तर सासरे म्हणाले, शहरातल्या पोरींना सगळ्याचीच किळस. मी पाणी फडक्यातून गाळून घेई, त्यालाही हसत. पण माझी मुलगी नुकती चालायला लागली होती. रानात कुणीही पाजलं तर ती हेच पाणी पिणार. पायऱ्या बुजवा, रहाट बसवा, म्हणजे पाण्यात कुणाचा पायच पडणार नाही, म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागले. पण वडिलांपुढे त्यांची मान वर होत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात नारू सासऱ्यांच्याच घोट्याला निघाला. मी पाण्याला गेले तर ते खालच्या पायरीवर बसलेले, पाय पाण्यात आणि किडा काडीसकट लोंबत असलेला. मला शिसारी आली. पदर सावरत मी म्हटलं, "मामंजी, पाय बाहेर घ्या."

"हीर माझी हाय," ते म्हणाले. "आन् आग लई व्हतीय."

मी त्यांच्या पायाजवळच तांब्या बुडवला आणि भरून त्यांच्यापुढे धरला. "तुमच्या नातीला हेच पाजायचंय. आधी तुम्ही घोटभर घ्या."

त्यांनी तांब्यात वाकून बघितलं. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि दोन्ही हातांनी उचलून पाय बाहेर घेतला.

"बसवू रहाट," ते म्हणाले. "त्ये वत तिकडं मातीत."