साडेअकरा फुटांची काळजी

हसणार नसाल तर सांगतो. किंवा हसाच. घरचे, शेजारचे आणि बरगीचे दोन अनोळखी मासेमार आधीच हसून मोकळे झालेत, त्यात तुमची भर पडली म्हणून काय बिघडणार आहे?

तर मी पाण्याचा डॉक्टर. म्हणजे जलशास्त्रात पीएच.डी. पाणी कसं वाहतं, वस्तू का तरंगते, हे इथल्या कॉलेजात तेहतीस वर्षं शिकवलं. स्वतः मात्र नर्मदेच्या घाटावर घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच. गॅस बंद आहे का, हे मी तीनदा बघतो आणि चौथ्यांदा बायकोला बघायला पाठवतो. माझ्या प्रबंधाचं शेवटचं वाक्यसुद्धा 'बहुधा' या शब्दाने सुरू होतं.

अशा माणसाकडे नात निर्णय मागायला आली! आता बोला.

नात म्हणजे मीतू, मुलाची मुलगी, कॉलेजात आहे. बरगी धरणाच्या संथ पाण्यावर ती पॅडलबोर्ड शिकली. लांबट फळी असते, तिच्यावर उभं राहायचं आणि वल्हं मारत पुढे जायचं. आता तिला ओडिशाच्या किनाऱ्यावर दहा दिवसांच्या शिबिराला जायचं होतं. तिथे हीच फळी घेऊन समुद्राच्या लाटांवर स्वार व्हायचं. शेवटच्या दिवशी स्पर्धा. पहिल्या तिघांना पुढच्या वर्षभराचं प्रशिक्षण फुकट, आणि मीतूचा जीव त्या तिघांत येण्यावर अडकलेला. बोर्ड ज्याचा त्याने आणायचा होता. तो मी देणार, असं मी तिच्या वाढदिवसाला बोलून बसलो होतो.

"आजोबा, साइज तुम्हीच काढा," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या कोचला विचार. मी आपला पुस्तकातला..."

"बस क्या, आजोबा! घरात पाण्याचे डॉक्टर आहेत आणि मी बाहेर विचारू? एक तरी गोष्ट तुम्ही एकट्याने ठरवलेली मला बघायची आहे."

आणि तिने एक चिठ्ठी हातात ठेवली. 'वजन पंचावन्न किलो. कोच म्हणतात, वजनाच्या पावणेदोनपट लिटरचा बोर्ड. लाटेवर वळवता आला पाहिजे, म्हणून जास्त मोठा नको.' झालं. फळीचं आकारमान लिटरमध्ये मोजतात, म्हणजे नुसता गुणाकार. पहिलीतल्या मुलाने पाढ्याचं पुस्तक बघून उत्तर दिलं असतं.

पण मी पहिलीतला मुलगा नव्हतो ना! मी डॉक्टर होतो. चिठ्ठी वाचून मला एकच प्रश्न पडला. पोरगी बुडाली तर? 'वळवता आला पाहिजे' हे शब्द मी वाचले, नाही असं नाही. पण आयुष्यात मी कधी काही वळवलेलं नाही. मी फक्त बुडण्याचा विचार केलेला आहे.

त्यात आमच्या घराण्याची रीत, बहुधा तुमच्याही. वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. माझा शाळेतला कोट मला एम.ई.च्या दुसऱ्या वर्षी नीट बसला. तोवर बाह्या दुमडून घालत होतो.

बायकोने चिठ्ठी घेतली, चष्मा लावला आणि सरळ पेनच उचललं.

"पंचावन्न कसले? आज वाळकी दिसते, पण तिथे दहा दिवस मासे-भात खाईल. साठ धरा."

"दहा दिवसांत पाच किलो?"

"अहो, बोर्ड काय दहा दिवसांसाठी घेताय?"

बरोबर होतं तिचं. साठ.

संध्याकाळी खोब्रागडे आले. हे माझे शेजारी. सारा जन्म तोफांच्या कारखान्यात माल तपासण्यात गेला, आता निवृत्त आहेत, पण अजून आमच्या दाराची कडी तपासूनच आत येतात.

"काहून एवढे घामाघूम झाले डॉक्टरसाहेब? काय करून राहिले?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली.

"साठ हे कोरडं वजन झालं न जी! ओले कपडे, लाइफ जॅकेट, भिजलेले केस, हे कोण धरील? पोरीचे केस पाहा केवढे! सत्तर लिहा. आमच्याकडे असा कागद आला असता तर मी परत पाठवला असता."

सत्तर. त्याचे पावणेदोनपट, एकशे साडेबावीस लिटर. इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण वर्गात मी तेहतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, की शेवटी सुरक्षिततेसाठी दीडपट करा. कोणी चार पूल बांधले असतील त्या जोरावर. नातीला मी तेवढंही देऊ नये? एकशे चौऱ्याऐंशी!

दुकानदाराला फोन केला. तो दूरच्या शहरात.

"सर, लहरों के लिए चाहिए ना?" त्याने खात्री करून घेतली. "इस हिसाब से तो राइडर सौ किलो से ऊपर होना चाहिए। आप खुद चलाएँगे क्या?"

मला रागच आला. "मैं क्यों चलाऊँगा? पोती के लिए है।"

"सर, लहरों में छोटा अच्छा घूमता है। यह तो..."

"उसके ऊपर वाला साइज़ कौन सा है?" मी विचारलं.

काय करू, जिभेवर ते वाक्य जन्मापासून आहे. चपलांच्या दुकानातही तेच विचारतो.

पार्सल आलं. हवा भरायचा बोर्ड होता, म्हणजे गुंडाळून आगगाडीने नेता येतो. मीतूने हॉलमध्ये पंप मारायला सुरुवात केली. बोर्ड फुगत गेला, फुगत गेला. आधी टीपॉय सरकवला, मग खुर्च्या. शेवटी खोब्रागडे पाय वर घेऊन सोफ्यावर बसले. साडेअकरा फूट लांब आणि जवळजवळ तीन फूट रुंद! एक टोक स्वयंपाकघरात, दुसरं देवघरापाशी. बायको म्हणाली, "हा इथेच असू द्या, पापड छान वाळतील."

मीतूने पंप खाली ठेवला.

"आजोबा, हा... मोठा नाही ना वाटत?"

"घरात मोठा वाटतो. समुद्र बघितलास का केवढा असतो?"

तिने माझ्याकडे बघितलं. पुढे काहीतरी बोलणार होती, ते गिळलं. "तुम्ही ठरवलंय ना? मग चलो, हाच." आणि हवा सोडायला बसली.

मला तेव्हा वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी ठामपणे केलं! रात्री गॅस दोनदाच बघितला.

स्पर्धेचा व्हिडिओ कोचने पाठवला. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. बाकीच्या मुली छोट्या फळ्यांवर लाटेच्या अंगाअंगाने वळत होत्या, माशासारख्या. मग आमची मीतू आली. सरळ. लाट डावीकडे वळली, मीतू सरळ. मीतू उजवीकडे वाकली, वल्हं घातलं, पुन्हा घातलं, बोर्ड सरळ! परीक्षक मागे पडले, बाकीच्या मुली मागे पडल्या, आणि आमची नात ताठ उभी राहून मिरवणुकीतल्या रथासारखी किनाऱ्यावर आली आणि थेट वाळूत रुतली.

"बुडाली मात्र नाही," खोब्रागडे हळूच म्हणाले.

शेवटून पहिली आली.

ती घरी परतली तेव्हा मी दारातच माफी मागितली. चिठ्ठीही आणून दाखवली, साठ कसे झाले, सत्तर कसे झाले, दीडपट कुणी केली. ती ऐकत होती आणि तिचे कान लाल होत होते. मला वाटलं, आता रडणार.

"आजोबा, माझं वजन एक्कावन्न आहे."

"मग पंचावन्न कुणी लिहिलं?"

"मीच. म्हटलं, थोडं वाढीव असू द्यावं."

आमचंच रक्त, दुसरं काय!

"आणि फुगवल्यावर तुला दिसलं होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत जाईन मी, छोटा घेऊन. साइज मी काढेन. पण त्याच्या बदल्यात एक काम करायचं. रविवारी बरगीला यायचं आणि या बोर्डावर उभं राहायचं. पहिल्यांदा शिकणारा, वजन चौऱ्याऐंशी, पाणी संथ आणि स्वभाव भित्रा. कोच म्हणाले, असा माणूस असेल तर हा साइज अगदी परफेक्ट आहे."

म्हणजे गणित बरोबर होतं. फक्त माणूस चुकला होता. तो फोनवरचा दुकानदार पहिल्या मिनिटाला ओळखून बसला होता.

रविवारी गेलो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? काठावर बायको थर्मास घेऊन बसलेली, शेजारी खोब्रागडे. माझ्या अंगावर लाइफ जॅकेट, तेही एक साइज मोठं. मीतू कमरेइतक्या पाण्यात बोर्ड धरून उभी. वारा नाही, लाट नाही, पाणी ताटात वाढल्यासारखं निश्चल.

"आता उभे राहा, आजोबा."

"उभाच आहे मी."

"आजोबा, तुम्ही पालथे पडला आहात."

"बरं, राहतो. बहुधा राहतो. तू सोडू नकोस."

"डॉक्टरसाहेब, डोळे तरी उघडा न जी!" काठावरून खोब्रागडे ओरडले. होडीतले दोन मासेमार वल्ही थांबवून बघत होते.

मी डोळे उघडले. उजवीकडे बघितलं, दीड फुटावर पाणी. डावीकडे बघितलं, दीड फुटावर पाणी. पुढे-मागे साडेअकरा फूट फळी, खाली माझंच गणित, आणि माझ्या दोन्ही मुठींत तिच्या कडा.

"मीतू," मी म्हणालो, "याच्या वरचा साइज मिळतो का गं?"