सत्तावीस नंबरचं विमान

डेंटरच्या हातात हातोडी असली की गॅरेजमध्ये कुणी त्याच्या वाटेला जात नसे, आणि नसली की आणखीनच जपून असत. लोकांचा राग नाकावर असतो, याचा मनगटात होता. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "एवढा दरवाजा तर माझा भाचासुद्धा सरळ करेल." डेंटरनं सरळ केलेला तो दरवाजा चार घावांत पुन्हा होता तसा चेपून दिला आणि म्हणाला, "बोलवा भाच्याला." मालकानं कपाळावर हात मारून घेतला, पण त्याला काढलं नाही. चेपलेल्या गाडीभोवती एक फेरी मारून हा माणूस सांगायचा की धडक कुठून बसली, ब्रेक लागला होता की नाही आणि आतला वाचला की गेला. असा डोळा दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

घरी गेल्यावर तो लढाऊ विमानं बनवायचा. संगणकावर हवाई लढाईचे खेळ असतात ना, त्यातली. खेळाबरोबर कंपनी चार-दोन विमानं देते, बाकीची असले वेडे लोक वर्ष-वर्ष खपून स्वतः घडवतात आणि जगाला फुकट वाटतात. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

डेंटरच्या विमानांची ख्याती उडण्याबद्दल नव्हती, मोडण्याबद्दल होती. इतरांच्या विमानाला गोळ्या लागल्या की ठरलेला धूर निघे आणि ठरलेला भडका उडे. याच्या विमानाचा पंख आधी रिव्हेटच्या ओळीवर उसवे, मग पत्रा सालीसारखा मागे सोलला जाई. टाकी पंखाच्या मुळाशी पेटे आणि ज्वाळा कॉकपिटच्या काचेला चाटत मागे जात. काच काळी पडे, मऊ होई, आत बसे. वैमानिकाचं डोकं आतल्या आत या बाजूवरून त्या बाजूला आपटत राही, आणि विमान जमिनीत घुसेपर्यंत ते थांबत नसे. खेळणारे म्हणत, मरावं तर डेंटरच्या विमानात.

एवढं जळणं त्यानं कुठून आणलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं ताकास तूर लागू दिली नसती.

आईबाप गेल्यावर बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाकडे राहायला आला. दादा हवाई दलात वैमानिक, वहिनी इस्पितळात एक्स-रे काढायची. नाक पुसायची अक्कल नसलेल्या त्या पोराला वहिनीनं पहिल्या दिवसापासून "भाऊजी" आणि "तुम्ही" म्हटलं. "भाऊजी, तुमची चड्डी उलटी आहे," हेसुद्धा ती मानानंच सांगायची. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही, आणि त्याचं लग्न दोनदा ठरून त्याच्या रागापायी दोनदा मोडलं. दादा गेल्यावर जगात दोघांना दोघंच उरली.

दादा नऊ वर्षांपूर्वीच्या लढाईत गेला. पत्रात लिहिलं होतं की विमानाचा हवेतच स्फोट झाला, मृत्यू तत्काळ आला, वेदना झाल्या नाहीत. बरोबर एक पेटी आली. तिच्यात दादाची टोपी, घड्याळ आणि विमानाच्या पत्र्याचा हातभर तुकडा होता. डेंटरनं तो तुकडा हातात घेतला आणि उजेडाकडे फिरवून पाहिला. स्फोटानं फाटलेला पत्रा वेगळा दिसतो आणि आधी जळून, वाकून, मग जमिनीवर आपटलेला वेगळा. हा दुसरा होता. दादा जळत खाली आला होता. तो मोरीत जाऊन ओकला, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन वहिनीला म्हणाला, पत्रात लिहिलंय तसंच आहे, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ नऊ वर्षं वळून धरली तर बोटं आखडणारच. जे कुणापाशी बोलता येत नव्हतं ते तो विमानांत घालत गेला. शेवटी तीन वर्षं खपून त्यानं दादाचंच विमान केलं. त्या तुकड्याचे डाग, घड्या, वळणं बघून उलटा हिशेब मांडला, आग कुठं लागली, किती पसरली, किती वेळ लागला. उत्तर अकरा सेकंद आलं. त्यानं ते तसंच्या तसं आत घातलं.

रंगकाम गॅरेजातल्या रंगाऱ्यानं केलं. दिवसा गाड्या रंगवणारा हा साधा, बडबड्या माणूस डेंटरचा एकुलता एक दोस्त होता. त्यानं हवाई दलाच्या सात तुकड्यांचे सात रंग केले आणि दादाचा सत्तावीस नंबर, खिडकीखाली दादाचं नाव, असा रंग यादीत सगळ्यात वर ठेवला. मान म्हणून. डेंटरनंही मान डोलावली. दोघांच्याही ध्यानात आलं नाही की खेळणाऱ्यानं रंग निवडला नाही तर खेळ यादीतला पहिला रंग उचलतो. शिकाऊ लोक रंग निवडत नाहीत. नेमबाजी शिकताना समोर सोडलेली, संगणकच उडवतो ती बिनमाणसाची विमानं तर कधीच निवडत नाहीत. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. महिन्याभरात जगातल्या हजारो घरांत रोज दादाच्याच नंबरचं, दादाच्याच नावाचं विमान समोर येत होतं आणि रोज पाडलं जात होतं. हे दोघं मात्र आपापला रंग निवडून खेळायचे, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही.

कुणीतरी त्यातली सत्तावीस मरणं जोडून व्हिडिओ केला. मागे हसणं होतं. तोफेचे गोळे पोटात शिरतात, पंख सोलला जातो, काच काळी पडते आणि कुणीतरी म्हणतं, "बघ बघ, अजून हलतोय."

रंगारी मनगट मुरगळलं म्हणून एक्स-रे काढायला वहिनीकडे गेला होता. त्यानं व्हिडिओची सुरुवात तेवढी पाहिली होती. दिराचं काम जगात किती पोचलंय ते दाखवावं म्हणून त्यानं कौतुकानं फोन तिच्या हातात दिला आणि स्वतः मनगट मशीनखाली ठेवून बसला. वहिनीनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढला, मोडलेलं नाही म्हणून सांगितलं, आणि पांढरा कोट न काढता तडक गॅरेजात आली.

डेंटर एका उलटलेल्या गाडीचं छप्पर ठोकत होता. ती शेजारी उभी राहिली.

"अकरा, भाऊजी," ती म्हणाली. "पेटल्यापासून जमिनीपर्यंत. प्रत्येक वेळी अकराच. मी मोजले."

त्याच्या हातातली हातोडी खाली आली नाही.

"तुम्ही मोडलेलं काही बघून चुकीचं सांगितलेलं मला आठवत नाही. हे खरं आहे का?"

आयुष्यात त्याला एका गोष्टीचा अभिमान होता, आणि नेमकी तीच तिनं पुढ्यात ठेवली. तो म्हणाला, "खोटं आहे, वहिनी. खेळ आहे तो. मला ते नीट जमलंच नाही."

"जमलं नाही," ती म्हणाली, आणि निघून गेली.

थोड्या वेळानं रंगारी हसत हसत आला. मनगट शाबूत आहे, वहिनींना व्हिडिओ दाखवला, असं त्यानं सांगायला घेतलं आणि वाक्य संपायच्या आत डेंटरची मूठ त्याच्या तोंडावर बसली. दुसरी बरगडीत. तो रंगाच्या डब्यांवर पडला, तांबडा रंग सांडला, रक्त कुठलं आणि रंग कुठला ते कळेना. डेंटर त्याच्या छातीवर बसून मारत राहिला. चार जणांनी ओढून काढलं तेव्हा रंगाऱ्याचे दोन दात फरशीवर होते. त्यानं हात उचलला नव्हता. एवढंच म्हणाला, "मान म्हणून पहिला ठेवला होता रे."

न निवडता यादीतला पहिलाच रंग पुढे येतो हे तेव्हा कुठे डेंटरच्या ध्यानात आलं आणि त्याला रडू फुटलं. चूक दोघांची होती आणि मार एकट्यानं खाल्ला होता. त्याला दवाखान्यातही डेंटरनंच नेलं.

मग त्यानं सुट्टी टाकली आणि तीन वर्षांचं काम चार दिवसांत नासवलं. आगीचा सगळा हिशेब पुसला. टाकी अशी केली की पहिली गोळी लागताच विमान जागच्या जागी फुटावं, पंख नाही, काच नाही, काही उरू नये. सत्तावीस नंबर यादीतून काढला आणि ते सगळं नवीन आवृत्ती म्हणून जगाला दिलं. सर्व्हरवर जुनी फाइल चालत नाही, म्हणून सगळ्यांना ती घ्यावीच लागली. शिव्यांचा पाऊस पडला. डेंटरला आता काही येत नाही, फटाका बनवलाय फटाका, असं त्याच्या पायाशी बसून शिकलेले लोकही लिहू लागले. एरवी असल्या एका वाक्यापायी त्यानं दरवाजे चेपले असते. त्यानं एकालाही उत्तर दिलं नाही.

रविवारी दुपारी वहिनी त्याच्या खोलीवर आली. महिन्यात आली नव्हती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यानं खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, चूक सुधारली आहे, बघ. आपल्या संगणकावर ठेवलेलं सत्तावीस नंबरचं विमान त्यानं समोर उडतं केलं, स्वतः मागून गेला आणि गोळी झाडली. डोळ्याचं पातं लवायच्या आत पांढरा झोत झाला आणि आकाश रिकामं झालं.

वहिनीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. माणसांची हाडं बघण्यात तिची हयात गेलेली, तिला कोण फसवणार.

"खरं काय ते मला कळलंय, भाऊजी," ती म्हणाली. "पण डोळे मिटले की मला ती काच दिसते. तिच्या जागी हे दिसायला हवं. पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं. ती "पुन्हा" म्हणत राहिली, आणि तो झाडत राहिला. त्या दुपारी त्यानं आपल्या भावाला एकतीस वेळा मारलं, आणि एकदाही त्याला काही कळू दिलं नाही.