मॅडमचं ‘येते’

केळुसकर मॅडम गेल्याचं मला आमच्या डायव्हिंग क्लबच्या ग्रुपवरून कळलं. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये होते. मेसेज क्लबमधल्या पटेलभाईंचा होता, गुजरातीत. मला गुजराती वाचता येतं, पण सावकाश... त्या दिवशी वाटलं, आणखी सावकाश वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. काही आठवड्यांपूर्वीच मॅडमचा मुलगा त्यांना ऑपरेशनसाठी मुंबईला घेऊन गेला होता. सिल्वासात डोकमर्डीतल्या त्यांच्या बिल्डिंगखाली मी बॅग गाडीत ठेवली. काच खाली करून त्या म्हणाल्या, "येते गं." मी मान हलवली. आता वाटतं, काहीतरी बोलायला हवं होतं.

मॅडम मूळच्या मालवणकडच्या. सिल्वासाच्या सरकारी शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला. माझे वडील धुळ्याहून इथे धाग्याच्या कंपनीत आले, आणि आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. रिटायर झाल्यावर मॅडम या क्लबमध्ये गेल्या. कंपन्यांमधले इंजिनीअर, एक-दोन दुकानदार, सगळे रविवारी स्विमिंग पूलमध्ये सिलिंडर पाठीला बांधून सराव करायचे. "नकाशात समुद्र निळा रंगवलास, आता आतून बघ," म्हणत मलाही त्यांनी ओढून नेलं. माल्टा बेटाची ट्रिप ठरली तेव्हा माझा खर्च क्लबने वाटून घेतला. तो विषय मॅडमनीच काढला असणार, मला कुणी कधी सांगितलं नाही. आईने त्यांना तिच्या अहिराणीत विचारलं, "तठे पाणीमा काय शे?" मॅडम म्हणाल्या, "बुडालेलं जहाज आहे. मला ते एकदा बघायचंय, आणि एकटीने खाली जायचं नाही असा नियम आहे. म्हणून हिला नेते."

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातांच्या खुणांनी. वर जायचं तर अंगठा वर करायचा. मॅडमना ते पटेना. "मी निघायचे आणि लोकांना वाटायचं, झकास चाललंय." त्यांनी स्वतःची खूण काढली. चार बोटं स्वतःकडे वळवायची, म्हणजे ‘येते’. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, तर पाण्यातही म्हणायचं नाही. माल्टातला इन्स्ट्रक्टर फार गंभीर माणूस. मॅडम बोलावतायत असं वाटून तो दर वेळी घाईने पोहत त्यांच्याकडे यायचा. शेवटी बोटीवर मॅडमनी त्याला इंग्रजीत समजावलं, आमच्या भाषेत जाताना ‘येते’ म्हणतात. तो म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही तर जाताय." "हो ना, म्हणूनच." पटेलभाईंना हसू आवरेना.

जहाजाचा दिवस शेवटचा होता. आम्ही दोघी, इन्स्ट्रक्टर आणि त्याचा एक सहकारी दोर धरून उतरत होतो. खाली जहाजाचा काळसर आकार दिसायला लागला आणि मॅडम थांबल्या. कानाकडे बोट दाखवून त्यांनी पंजा हलवला. पाण्याच्या दाबाने बसलेला कान उघडत नव्हता. थोडं वर जाऊन पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग सहकारी त्यांच्याजवळ गेला आणि मॅडमनी माझ्याकडे बघून चार बोटं स्वतःकडे वळवली. येते. मला वाटलं, मागून येतायत. मी इन्स्ट्रक्टरबरोबर खाली गेले आणि सगळा वेळ मागे वळून बघत राहिले...

वर आले तेव्हा मॅडम टॉवेल गुंडाळून संत्रं सोलत बसल्या होत्या. पटेलभाई त्यांना सगळ्यांत आधी पोहोचल्याबद्दल चिडवत म्हणाले, "मॅडम, तमे तो सौथी पहेलां आवी गया."

"मॅडम, तुम्ही येते म्हणालात."

"अगं, निघते असं सांगत होते. माल्टाला नाही कळलं तरी धुळ्याला कळायला हवं होतं." मग संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे. कसं होतं ते सांग."

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, छान होतं, मासे होते. मॅडम हिरमुसल्या नाहीत, पण त्यांनी सोडलंही नाही. सिल्वासाला परतल्यावर दर रविवारी सराव संपला की पूलच्या कडेच्या बाकावर केस पुसत विचारायच्या, "हं, अजून काय होतं?" मी आठवून आठवून सांगायचे. जिना होता, त्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. एका गोल खिडकीतून छोटे मासे आत जायचे आणि दुसरीतून बाहेर यायचे. दार अर्धं उघडं होतं, आत अंधार होता, आम्ही गेलो नाही. त्या डोळे मिटून ऐकायच्या. "दार कुठल्या बाजूला?" असं मध्येच विचारायच्या. भूगोलाच्या तासाला आम्ही त्यांना उत्तरं द्यायचो, तशी मी उत्तरं द्यायचे. कधी कधी मला वाटायचं, माझ्यापेक्षा ते जहाज आता त्यांनाच जास्त माहीत आहे.

गेल्या रविवारी सरावानंतर मी त्या बाकावर बसले. कुणी काही विचारलं नाही, तरी एक गोष्ट आठवली. जहाजाच्या डेकवर उभी असताना मी मान वर केली होती. पाणी इतकं नितळ होतं की आमच्या बोटीचं बूड दिसत होतं, बदामाएवढं. मी मॅडमना शोधत होते, आणि त्या तिथेच, त्या बोटीत होत्या. जहाजाबद्दल विचारायच्या म्हणून मी त्यांना नेहमी खालचंच सांगत राहिले. वर काय दिसलं, ते सांगायचं राहून गेलं.